आंतरखोली पत्रव्यवहार

हॉलमधल्या कॉम्प्युटरवरची फाइल आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर न्यायची झाली, तर आपल्या घरांत तीन मार्ग रूढ आहेत. पहिला, पेन ड्राइव्ह शोधायचा. तो सापडेपर्यंत फाइलची गरज बहुधा संपलेली असते. दुसरा, फाइल स्वतःलाच ईमेल करायची, म्हणजे दहा पावलांवर पोचवायची वस्तू आधी परक्या कंपनीच्या गोदामात टाकायची आणि मग आपलीच म्हणून तिथून सोडवून आणायची. तिसरा, व्हॉट्सॲप, त्यावरून गेलेला फोटो वाटेत असा आकसतो की पलीकडे पोचल्यावर मागच्या रांगेतले काका अंदाजाने ओळखावे लागतात. चौथाही एक मार्ग आहे. दोन्ही कॉम्प्युटर एका तारेने थेट जोडायचे आणि फाइल इकडून तिकडे ओढायची. हा सगळ्यांत जवळचा, सगळ्यांत वेगवान आणि फुकटचा मार्ग, आणि नेमका याच वाटेला सहसा कोणी जात नाही. याला लोकांचा आळस किंवा अडाणीपणा जबाबदार आहे, असं जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. जी माणसं रेल्वेचं तत्काळ तिकीट काढू शकतात, ती काहीही करू शकतात. माझ्या मते दोष कॉम्प्युटरचा आहे. तो आपल्या घरी राहायला येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली, पण मनाने तो अजून कचेरीतच आहे. करमणूक म्हटलं की तो घरचा होतो. देणंघेणं म्हटलं की त्याच्यातला हेडक्लार्क जागा होतो.

त्याचं सेवापुस्तकच उघडून पाहा. दोन यंत्रं जोडणारी इथरनेट ही पद्धत रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी मांडली, ती कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. हेतू काय, तर तिथले संगणक एकमेकांना आणि नव्या लेझर प्रिंटरला जोडावेत. आणि मांडली कशात, तर एका अंतर्गत टिपणात. जिचा जन्मच कार्यालयीन टिपणातून झाला, ती तार मोठेपणी मोकळीढाकळी कशी निघणार? पुढे एका यंत्रावरचा फोल्डर दुसऱ्याला दाखवण्याची जी रीत विंडोज आजही पाळतं, ती एसएमबी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी घडवली. म्हणजे बदली झाली तीही एका कचेरीतून दुसऱ्या, आणखी मोठ्या कचेरीत. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली जोडणीची सोय असलेलं विंडोज काढलं, त्याचं नाव ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’. आजही दुकानातून नवाकोरा लॅपटॉप आणून डायनिंग टेबलावर ठेवा. खोक्यातून बाहेर पडतानाच तो ‘वर्कग्रुप’ नावाच्या गटाचा सभासद असतो. ज्या घरात एक सेवानिवृत्त आजोबा, एक दहावीतला मुलगा आणि एक मांजर आहे, तिथे काम करणारा गट कुठला, हे त्याने विचारलेलं नसतं.

आता यावर कोणी म्हणेल, की खरी अडचण तारेची आहे. सामान्य माणसाला तारा समजत नाहीत. एके काळी हे खरं होतं. लॅनच्या तारेत आठ धागे असतात, चार जोड्यांत: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. जुन्या १०० एमबीपीएसच्या पद्धतीत त्यातल्या दोनच जोड्या कामाला लागत. पहिल्या-दुसऱ्या पिनांवरून कॉम्प्युटर बोलायचा आणि तिसऱ्या-सहाव्या पिनांवरून ऐकायचा. दोन्ही कॉम्प्युटरांची रचना सारखीच, त्यामुळे साधी तार लावली की दोन्ही साहेब एकाच वेळी डिक्टेशन देत आणि टिपून घ्यायला कोणीच नसे. म्हणून एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केलेली ‘क्रॉस केबल’ लागायची. मुंबईत ती लॅमिंग्टन रोडवर मागता यायची. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं असतं तर केबलच्या आधी पत्ता शोधावा लागला असता. पण १९९९मध्ये गिगाबिट इथरनेटचं मानक ठरलं, त्यात चारही जोड्या दोन्ही दिशांनी वापरल्या जाऊ लागल्या, आणि कोणी बोलायचं नि कोणी ऐकायचं हे पोर्ट स्वतःच ताडून घेऊ लागले. गेली कित्येक वर्षं कुठलीही साधी लॅन केबल चालते, तीही शंभर मीटरपर्यंत. एवढं अंतर आपल्या घरांत फक्त जाहिरातीच्या फोटोत असतं. लॅपटॉप बारीक झाल्यामुळे त्याला लॅनचं भोकच नसेल तर यूएसबीचा छोटा अडॅप्टर मिळतो. एक मात्र करू नये: दोन कॉम्प्युटरांची साधी यूएसबी भोकं साध्या तारेने एकमेकांत घालू नयेत. यूएसबी वरिष्ठ-कनिष्ठ तत्त्वावर चालतं. पेन ड्राइव्ह कनिष्ठ, कॉम्प्युटर वरिष्ठ. दोन वरिष्ठ समोरासमोर बसवले की दोघेही दुसऱ्याने उठून यायची वाट पाहतात. शिवाय दोन्हीकडून वीज येत असल्याने प्रकरण हातघाईवर जाऊ शकतं.

तेव्हा तार सुटली. खरं कामकाज तार लावल्यावर सुरू होतं. पहिला प्रश्न पत्त्याचा. घरात राउटर असतो तेव्हा तोच प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो. थेट जोडणीत राउटर नाही, म्हणून दोन्ही कॉम्प्युटर आधी काही काळ पत्ता वाटणाऱ्या अधिकाऱ्याला हाका मारतात. अधिकारी जागेवर नाहीत असं कळल्यावर मात्र दोघेही प्रौढपणे वागतात आणि १६९.२५४ने सुरू होणारा एकेक पत्ता स्वतःच घेतात. तो दुसऱ्या कोणी घेतला नाही ना, हेही विचारून घेतात. ही सोय विंडोज ९८पासून आहे, आणि या सगळ्या कहाणीत यंत्राने दाखवलेला तेवढाच एक समजूतदारपणा. इथे दोघांना एकमेकांचे पत्ते मिळालेले असतात, तार जोडलेली असते, दिवा लुकलुकत असतो. दोन माणसं असती तर एव्हाना गाव कुठलं, आडनाव काय, इथपर्यंत पोचली असती. विंडोज मात्र या जोडणीकडे पाहतं, तिच्या पलीकडे राउटर दिसत नाही म्हणून ‘अनोळखी नेटवर्क’ असा शेरा मारतं आणि तिला ‘पब्लिक’ वर्गात टाकतं. म्हणजे दादर स्टेशनवरचं फुकट वाय-फाय आणि आपल्याच हॉलमधून आलेली आपलीच तार, दोघांचा दर्जा एक. पब्लिक म्हटलं की फायरवॉल दार लावून घेते, आणि पलीकडच्या कॉम्प्युटरला इकडचा कॉम्प्युटर दिसतच नाही. तो असतो, पण दिसत नाही. साहेब आहेत, पण मीटिंगमध्ये आहेत, तसा.

शेरा बदलून ‘प्रायव्हेट’ करून घेतला तरी पुढचं टेबल पासवर्डचं. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्याच्या नावाने नेटवर्कवरून आत येता येत नाही, असा विंडोजचा नेहमीचा नियम आहे. परिणाम मजेशीर होतो. समोर खुर्चीत येऊन बसणाऱ्या कोणालाही तो कॉम्प्युटर बिनबोभाट उघडा असतो, पाहुण्यांच्या पोरांनाही. पण शेजारच्या खोलीतून रीतसर अर्ज केला तर तो नामंजूर. बरं, पासवर्डऐवजी चार आकड्यांचा पिन ठेवलेला असेल, तर तो इथे चालत नाही. पिन त्या एका यंत्रापुरता असतो. नेटवर्क विचारतं तो मूळ खात्याचा पासवर्ड, जो लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने सुचवला होता आणि त्यानंतर कोणाच्याही तोंडी आलेला नाही. तोही आठवला, तर परवानगीचं टेबल येतं, आणि तिथे परवानग्या दोन असतात: एक फोल्डर शेअर केल्याची, दुसरी डिस्कवर त्या फोल्डरचा हक्क कोणाचा याची. दोन्ही स्वतंत्रपणे द्याव्या लागतात, आणि दोन्हींत मतभेद झाला तर अधिक कडक असेल ती लागू होते. नगरपालिकेने हो म्हटलं तरी जिल्हाधिकाऱ्यांचं नाही शिल्लक राहतं, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. मोठ्या कंपनीत ही व्यवस्था योग्यच आहे. पगाराचा तक्ता सगळ्यांनी पाहू नये, जमलं तर कोणीच पाहू नये. पण घरच्या मुंजीच्या फोटोंना दुहेरी मंजुरी हवी कशाला?

माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यांत भक्कम पुरावा असा, की कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी त्याला घरगुती वळण लावायचा प्रयत्न केलेला आहे. विंडोज ९५मध्ये ‘डायरेक्ट केबल कनेक्शन’ नावाची सोय होती. ती जोडताना एवढंच विचारायची, की या दोघांत यजमान कोण आणि पाहुणा कोण. वेग बेताचा होता, पण रीत किती घरंदाज! ती सोय पुढे विंडोज व्हिस्टामधून गळली. विंडोज एक्सपीच्या होम आवृत्तीने गटाचं ठरलेलं नाव ‘वर्कग्रुप’ बदलून ‘एमएसहोम’ असं ठेवलं. मात्र त्याच एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत ‘वर्कग्रुप’ तसंच राहिलं. त्यामुळे एका घरात एक होम आणि एक प्रोफेशनल आलं की दोघे दोन खात्यांचे कर्मचारी ठरत आणि यादीत शोधताना एकमेकांच्या रांगेत दिसत नसत. नंतर होमचा हट्ट सोडून सगळेच पुन्हा ‘वर्कग्रुप’वर आले. २००९मध्ये विंडोज ७बरोबर ‘होमग्रुप’ आला, खास कुटुंबासाठी. त्याने काय केलं? अक्षरं आणि आकडे यांची खिचडी असलेला एक पासवर्ड स्वतः तयार केला आणि तो छापून घ्यायची सोय दिली. म्हणजे घरातल्या माणसांनी एकमेकांच्या खोलीत जाण्यासाठी छापील पास बाळगावा. २०१८च्या एप्रिलमधल्या आवृत्तीपासून विंडोज १०ने होमग्रुप गुंडाळला. हे प्रयत्न मी माझ्याच बाजूने धरतो. घर सजवायचा हुकूम कचेरीला दिला की ती खुर्च्यांना नंबर घालते.

आता सुरक्षेचा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॉम्प्युटर संशयी आहे कारण त्याने मार खाल्लेला आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच फाइल-वाटपाच्या जुन्या रीतीतल्या, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या, भोकातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत पोचला. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, तोही त्याच दाराने घुसू शकणारा, आणि न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज त्याने बंद पाडलं. कंटेनरच्या रांगा लागल्या. वॉनाक्रायच्या दोन महिने आधी दुरुस्ती उपलब्ध झाली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते भरडले गेले. तेव्हापासून नवं विंडोज ती जुनी आवृत्ती आपणहून बसवत नाही, आणि ते बरोबरच आहे. माझी तक्रार पहाऱ्याबद्दल नाही. पहारेकऱ्याला घरचे आणि चोर यांतला फरक कळत नाही, याबद्दल आहे. उलट सुरक्षेच्याच दृष्टीने पाहिलं तर दोन यंत्रांमधली थेट तार ही सगळ्यांत निर्धोक जागा. वाय-फाय बंद करून दोघांना तारेने जोडलं, की त्या नेटवर्कवर तिसरा कोणी असूच शकत नाही. व्हायरस आला तर तो दोघांपैकीच एकाच्या पोटात आधीपासून असला पाहिजे, आणि तसा असेल तर पेन ड्राइव्हनेही तो तितक्याच प्रेमाने नेला असता. एवढी छोटी सभा, आणि तरी यंत्र तिला जाहीर सभा समजतं.

दुसरा आक्षेप: हे सगळं हवंच कशाला? क्लाउड आहे की. इथे मी फक्त हिशेब मांडतो. लग्नाचं चित्रीकरण ५० जीबीचं आहे असं धरा. हल्ली त्याहून कमी असेल तर वधूपक्ष नाराज होतो. गिगाबिट तारेवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, डिस्कने साथ दिली तर काम आठेक मिनिटांत आटोपतं. साध्या पेन ड्राइव्हवर लिहिण्याचा वेग अनेकदा सेकंदाला १० एमबीच्या घरात असतो. म्हणजे भरायला सव्वा तासाहून अधिक, रिकामा करायला आणखी. शिवाय तो एफएटी-३२ पद्धतीने तयार केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल स्वीकारणार नाही, आणि ६४ जीबी मोकळी दिसत असताना ‘फाइल फार मोठी आहे’ असं सांगेल. इंटरनेटवर चढवण्याचा वेग २० एमबीपीएस असेल तर नुसतं वर न्यायला साडेपाच तास, मग खाली उतरवणं वेगळं. आणि गुगलची फुकट जागा १५ जीबी, तीही ईमेल आणि फोटो यांच्यासह, म्हणजे अंतरपाट धरेपर्यंतचाच भाग मावेल. ईमेलच्या वाटेने म्हणाल तर जीमेलची मर्यादा २५ एमबी. साधारण दोन हजार पत्रं लिहावी लागतील. जवळच्या वाटेला कमी लेखू नये, हे दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर २००९मध्ये विन्स्टन नावाच्या कबुतराने दाखवून दिलं आहे. त्याच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून ८० किलोमीटरवर सोडलं. तो पोचून, कार्डावरचा मजकूर उतरवूनही झाला, तेव्हा इंटरनेटवरून तोच मजकूर जेमतेम चार टक्के गेला होता. तेव्हापासून इंटरनेटचा वेग वाढला, हे खरं; पण फायलीही कबुतराला पेलण्यापलीकडे गेल्या आहेत.

तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे: राउटर घरात असताना तार कशाला, वाय-फायवरूनच फाइल पाठवता येते. येते. ज्यांच्या फायली किरकोळ आहेत त्यांनी तसंच करावं. पण दोन्ही कॉम्प्युटर वाय-फायवर असतील तर प्रत्येक तुकडा आधी हवेतून राउटरकडे जातो आणि मग त्याच हवेतून परत दुसऱ्याकडे येतो. एकाच लहरीवर दोन खेपा, त्यामुळे वेग निम्म्याजवळ येतो. आणि मुख्य म्हणजे राउटर आला तरी पासवर्ड, वर्ग, दुहेरी परवानगी ही टेबलं जागच्या जागी राहतात. राउटर मधला शिपाई आहे. तो फाइल नेतो, सही करत नाही.

कचेरीपणा हा यंत्राचा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही, असं कोणी म्हणेल तर उत्तर आपल्या खिशात आहे. ॲपलने २०११मध्ये एअरड्रॉप आणला. दोन यंत्रं आपसात थेट वायरलेस दुवा बांधतात, पलीकडच्या पडद्यावर प्रश्न येतो, की अमुक माणूस अमुक वस्तू देतो आहे, घ्यायची का? हो किंवा नाही. विषय संपला. अँड्रॉइडवर पुढे तशीच सोय झाली. भारतात तर लोकांनी कंपन्यांची वाटही पाहिली नाही. शेअरइट आणि झेंडर या ॲपांनी फोनातून फोनात सिनेमे आणि गाणी इंटरनेटशिवाय वाहून नेली. २९ जून २०२० रोजी सरकारने ज्या ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती, आणि त्या दिवशी एसटीत शेजारच्या सीटवरून सिनेमा घ्यायची सवय असलेली पिढी अचानक पोरकी झाली. याचा अर्थ सरळ आहे. थेट देणंघेणं तंत्राने अवघड नाही, लोकांना ते नकोसंही नाही. फोन माणसाच्या हातात वाढला, म्हणून तो माणसाला विचारतो. कॉम्प्युटर खात्यात वाढला, म्हणून तो खातं विचारतो.

त्याचा हा स्वभाव बदलेपर्यंत शहाणपण यातच, की कचेरीशी कचेरीच्या नियमाने वागावं. दोन्ही यंत्रांवर खरा पासवर्ड ठेवावा आणि तो वहीत लिहून वही कुलपात ठेवावी. तार जोडून नेटवर्कचा वर्ग ‘प्रायव्हेट’ करावा. स्वतः घेतलेले पत्ते लक्षात राहत नाहीत, म्हणून एकाला १९२.१६८.५.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५.२ असे कायमचे पत्ते द्यावेत, खालच्या चौकटीत २५५.२५५.२५५.० भरावं आणि गेटवेची चौकट न घाबरता रिकामी सोडावी. दोघांच्या पलीकडे जायचंच नाही, तर वेस कशाला? अख्खी डिस्क वाटू नये, एकच फोल्डर वाटावा, आणि त्यावर दोन्ही परवानग्या द्याव्यात. या सगळ्याला एक संध्याकाळ जाते, हे खरं. पण कचेरीचा एक मोठा गुण आपण विसरतो. तिथे मंजुरी मिळायला जितका वेळ लागतो, तितकीच ती रद्द करण्याबाबत टाळाटाळ होते. एकदा उघडलेलं ते दार पुढे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. अपवाद फक्त विंडोजच्या मोठ्या अपडेटचा. ते आलं की सत्ताबदल झाला असं समजावं आणि जुने आदेश अजून लागू आहेत का, हे कोणाला तरी एकदा तपासायला सांगावं. आणि ज्याला सांगाल त्याच्या टेबलावर चहा वेळेवर जाईल एवढं पाहावं. फाइल हलण्याची ती किमान अट आहे, आणि ती अजून कुठल्याही अपडेटने बदललेली नाही.